दहा महिन्यांचा लॅब नर, तब्येत ठणठणीत: नसबंदी करावी का, आणि करायची तर कधी?

कोथरूडकर
लॅब्रेडॉर नर, वय १० महिने, वजन २९ किलो. दोन्ही वृषणं खाली उतरलेली आहेत. लसीकरण पूर्ण, गोचिडांची गोळी दर महिन्याला. राहायला तिसऱ्या मजल्यावर, दिवसातून तीन फेऱ्या, साखळीशिवाय कधीच सोडत नाही. सोसायटीच्या आवारात दोन मोकळ्या माद्या आहेत.

तक्रारी अशा: उशांवर आणि पाहुण्यांच्या पायांवर चढतो. महिन्याभरापासून घरात दाराच्या चौकटीपाशी तंगडी वर करतो. फिरताना ओढतो. दुसरा नर दिसला की पाठीवरचे केस उभे करून गुरगुरतो.

एक डॉक्टर म्हणतात लगेच उरकून टाका, दुसरे म्हणतात काही गरज नाही. आजोबांचं मत, "आधी एकदा लग्न लावा त्याचं, मग काय ते करा." मला विचारायचं आहे ते असं: यातल्या कुठल्या तक्रारी ऑपरेशननं खरंच जातात? दहा महिने हे वय लवकर आहे का? आणि दवाखाना निवडताना नेमकं काय विचारायचं?

गोठा_ते_गॅलरी
आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपण सगळे नसबंदी म्हणतो, पण नर कुत्र्याचं जे होतं ते खच्चीकरण. पुरुषाच्या नसबंदीत फक्त शुक्रवाहिनी (वीर्य नेणारी नळी) कापून बांधतात, वृषणं जागेवर राहतात आणि हॉर्मोनही. कुत्र्याची दोन्ही वृषणं काढून टाकतात. फायदे-तोटे जे काही आहेत ते जवळपास सगळे टेस्टोस्टेरॉन गेल्याचे आहेत, म्हणून हा फरक डोक्यात पक्का असू द्या.

आता वय. लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. वयात येताना लैंगिक हॉर्मोन तिला बंद व्हायचा इशारा देतात. तो इशारा यायच्या आधीच वृषणं काढली तर कूर्चा उशिरा बंद होते, हाडं थोडी जास्त लांब होतात आणि गुडघ्या-खुब्याचे कोन बदलतात. वर वजन वाढलं की सांध्यांवर दुहेरी भार. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ पासून यावर जातवार काम केलं आहे आणि २०२० मध्ये ३५ जातींची आकडेवारी एकत्र मांडली. न कापलेल्या, म्हणजे खच्ची न केलेल्या, लॅब आणि गोल्डन रिट्रीव्हरमध्ये खुब्याचा, कोपराचा दोष किंवा गुडघ्याचा अस्थिबंध तुटणं हे साधारण ५ टक्क्यांत दिसतं. सहा महिन्यांच्या आत खच्ची केल्यास लॅबमध्ये ते प्रमाण दुप्पट होतं, गोल्डनमध्ये चार-पाच पट. जर्मन शेफर्डला तर दोन वर्षांपर्यंत थांबावं असं त्यांचं म्हणणं. पग, शि त्झू, यॉर्की अशा लहान जातींत सांध्यांचा हा धोका वाढलेला दिसला नाही. तेव्हा "सहा महिने झाले, आणा" हा सरसकट नियम शेजारच्या शि त्झूला चालेल, गोल्डनला नाही.

तुमचा लॅब धोक्याच्या मुख्य पट्ट्यातून बाहेर आलेला आहे. तरी त्याची वाढ संपलेली नाही आणि तो कायम साखळीला असल्यामुळे घाई करण्यासारखं काही नाही. मी १५ ते १८ महिन्यांपर्यंत थांबेन.

"कॅन्सर टळतो म्हणून करा" हे वाक्य मादीच्या बाबतीत जितकं वजनदार आहे तितकं नराच्या बाबतीत नाही. वृषणाची गाठ अर्थातच टळते, पण ती बहुतेक वेळा पसरत नाही आणि दिसल्यावर वृषण काढलं की प्रश्न मिटतो. महिन्यातून एकदा हाताने चाचपा: एक मोठं, एक लहान किंवा एक दगडासारखं लागलं तर दाखवा. प्रोस्टेटची साधी वाढ पाच वर्षांपुढच्या बहुतेक अखंड नरांत होते. शी चपटी, पट्टीसारखी येते, कुंथावं लागतं, कधी शिश्नातून रक्ताचे थेंब पडतात. तेव्हा खच्चीकरण केलं तरी काही आठवड्यांत ग्रंथी आकसते, त्यासाठी दहाव्या महिन्यात घाई करायला नको. गुदद्वाराजवळच्या काही गाठी आणि तिथला हर्निया हेही न कापलेल्या म्हाताऱ्या नरांचे आजार. उलट प्रोस्टेटचा कॅन्सर कुत्र्यात विरळा, आणि तो खच्चीकरणाने टळत नाही, काही अभ्यासांत तर खच्ची नरांत थोडा जास्त आढळला आहे. रॉटवायलरमध्ये वर्षाच्या आत कापलेल्यांत हाडाचा कॅन्सर वाढलेला दिसला होता.

एका बाबतीत मात्र चर्चा नको. एक वृषण पोटात किंवा जांघेत अडकलेलं असेल तर ते काढायलाच हवं. शरीराच्या आतल्या उष्णतेत राहिलेल्या वृषणात गाठ होण्याची शक्यता दहा पटींच्या आसपास वाढते. दोन महिन्यांपर्यंत दोन्ही खाली यायला हवीत, सहा महिन्यांनंतर वाट बघण्यात अर्थ नसतो. आणि हा दोष आनुवंशिक आहे, म्हणून अशा नराचं "लग्न" तर नकोच.

शीळ_आणि_साखळी
तुमच्या चारही तक्रारी एका पिशवीत घातल्यात, त्या वेगळ्या काढा.

फिरताना ओढणं: हॉर्मोनशी काडीचा संबंध नाही. दहा महिन्यांचा लॅब म्हणजे २९ किलोचं शाळकरी पोर. छातीपाशी कडी असलेला हार्नेस घ्या. साखळी ताणली गेली की थांबा, सैल झाली की चला. पहिला आठवडा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायला वीस मिनिटं लागतील, लागू द्या.

उशांवर चढणं: अर्धं वयाचं, अर्धं उत्तेजित होण्याचं. पाहुणे आले की होतं म्हणजे त्याला आनंद सांभाळता येत नाही. पाहुणे यायच्या आधी दहा मिनिटं फिरवून आणा, दार उघडताना तो गादीवर बसलेला असू द्या, तोंडात चावायला काहीतरी द्या. खच्ची केलेले नरही उशांवर चढतात, त्यात नवल नाही.

घरात तंगडी वर करणं: इथे ऑपरेशनचा उपयोग होऊ शकतो. अमेरिकेत १९९७ मध्ये ५७ नरांवर एक अभ्यास झाला. घरात मुतणं, चढणं आणि मादीच्या मागे पळून जाणं या तीन गोष्टी साठ टक्क्यांच्या आसपास कुत्र्यांत निम्म्याने तरी कमी झाल्या. पूर्ण बंद झाल्या असं थोड्यांच्या बाबतीत घडलं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट लोक सांगत नाहीत: कुठल्या वयात कापलं आणि सवय किती जुनी होती, यावर निकाल अवलंबून नव्हता. म्हणजे "सवय मुरायच्या आत करा" हे भय दाखवून कुणी घाई करत असेल तर तिला आधार नाही. तोवर चौकट एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. फिनेलने वास आपल्या नाकाला दबतो, त्याच्या नाही. उलट तिथे नवा उग्र वास आला म्हणून तो पुन्हा आपली सही करतो.

दुसऱ्या नरावर गुरगुरणं: इथे सगळ्यात जपून. तो पुढे झेपावतो, शेपटी ताठ वर, शरीर पुढे झुकलेलं, तर चढाओढ, आणि त्यात खच्चीकरणाने काही फरक पडू शकतो. शेपटी खाली, वजन मागच्या पायांवर, भुंकून मग तुमच्या मागे सरकतो, तर ती भीती. केस उभे राहणं दोन्हीत होतं, त्यावरून ओळखू नका. भित्र्या कुत्र्याचं टेस्टोस्टेरॉन काढलं तर कधी कधी तो आणखी घाबरट होतो, आणि मग चावतो. अशा कुत्र्याचं आधी अंतरावरचं काम करा: दुसरा कुत्रा दिसतोय पण हा अजून खाऊ घेतोय, इतकं अंतर शोधा. पंधरा मीटर असेल तर पंधरा. आठवड्याला मीटर-दोन मीटर कमी करत आणा. ताटावर गुरगुरणं, फटाक्यांना घाबरणं, एकटं राहिल्यावर रडणं यांतलं काहीही ऑपरेशनने जात नाही.

ऱ्हाईनकाठ
जर्मनीतून लिहितेय. इथल्या प्राणीसंरक्षण कायद्याच्या कलम ६ नुसार सशक्त प्राण्याचा अवयव विनाकारण काढायला मनाई आहे. वैद्यकीय कारण असेल किंवा अनियंत्रित प्रजनन थांबवायचं असेल तर परवानगी. त्यामुळे "उशांवर चढतो" एवढ्यावर इथला डॉक्टर सुरी हातात घेत नाही. न कापलेले नर इथे आयुष्य काढतात, कारण मोकाट मादी रस्त्यावर नसतेच. सोसायटीत दोन मोकळ्या माद्या असलेल्या माणसाने हे उदाहरण जसंच्या तसं उचलू नये, एवढंच.

इथे एक मधला मार्ग आहे: डेस्लोरेलिनचं, म्हणजे टेस्टोस्टेरॉन तात्पुरतं थांबवणाऱ्या औषधाचं, रोपण. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी कांडी, मानेमागच्या सैल कातडीखाली सुईने सोडतात, भूल लागत नाही. ४.७ मिलिग्रॅमची साधारण सहा महिने चालते, ९.४ ची वर्षभर. पहिले काही आठवडे टेस्टोस्टेरॉन आधी वाढतं, मग पडतं, त्यामुळे सुरुवातीला कुत्रा जास्तच उधळतो. लोक इथे घाबरून "उलटं झालं" म्हणतात. सहा आठवड्यांनी (९.४ च्या कांडीत आठ) वृषणं लहान होतात आणि तिथून पुढे प्रजननक्षमता गेलेली धरतात. फायदा असा की खच्ची केल्यावर आपला कुत्रा कसा वागेल याची रंगीत तालीम होते. भित्र्या कुत्र्याच्या बाबतीत ही तालीम लाखमोलाची. तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा.

वाघ्या_मुरळी
वरचं सगळं फ्लॅटमधल्या, साखळीवरच्या, घरी शहाणी माणसं असलेल्या कुत्र्याबद्दल आहे. शेतावरचा, रात्री सोडला जाणारा, मिक्स जातीचा नर असेल तर गणित फिरतं. भाद्रपद आला की तो चार-चार दिवस घरी येत नाही, अन्न सोडतो, मारामारीत कान फाडून घेतो, रस्त्यावर गाडीखाली जातो. सांध्याच्या दोषापेक्षा ट्रकचा धोका मोठा. तिथे वर्ष पूर्ण व्हायची वाट न बघता, आठ-नऊ महिन्यांत करून टाकलेलं बरं. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ नुसार पाळीव कुत्र्याच्या नसबंदीची आणि लसीकरणाची जबाबदारी मालकावरच आहे, पालिकेवर नाही.

कोथरूडकर
गोठा_ते_गॅलरी यांनी नसबंदी आणि खच्चीकरण वेगळं सांगितलं. मग कुत्र्याची खरी नसबंदी, फक्त नळी कापण्याची, का करत नाहीत? हॉर्मोन राहतील, पिल्लं होणार नाहीत. आणि आजोबांना काय सांगू?

गोठा_ते_गॅलरी
करता येते, पण करणारे कमी. आणि पिल्लं सोडली तर काहीच बदलत नाही: पळून जाणं, मारामारी, प्रोस्टेटची वाढ, सगळं तसंच. वृषणं राहिल्यामुळे त्यांच्या गाठीही होऊ शकतात. सांधे जपायचे आहेत आणि मादीही त्याच घरात आहे अशा मोठ्या जातीच्या नराला ती शोभते. तुमच्याकडे मादी नाही, म्हणजे तुमच्यासाठी साखळी हीच नसबंदी.

आजोबांना सांगा: कुत्र्याला लग्नाची उणीव भासत नाही, त्याला वासाची ओढ लागते. एकदा जोडी लावल्याने तो शांत होत नाही, ती ओढ कशासाठी असते हे मात्र कळतं. आणि आपल्याकडे एक खास भारतीय अडचण आहे: संभोगातून पसरणारी गाठ, डॉक्टर जिला टीव्हीटी म्हणतात. तिच्या पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजतात. भटक्या माद्यांत ती सर्रास दिसते. शिश्नावर फुलकोबीसारखी, सहज रक्त येणारी गाठ, आणि आठवडे लोटले तरी थांबून थांबून टपकणारं रक्त हे लक्षण. व्हिन्क्रिस्टीनच्या इंजेक्शनांनी बरी होते, पण आठवड्याला एक अशी चार ते सहा, आणि दरवेळी आधी रक्त तपासून. सोसायटीतल्या त्या दोन माद्यांपासून हा खरा धोका. त्या दोघींची नसबंदी झाली नसेल तर आधी ती करून घ्या, तुमच्या कुत्र्याच्या ऑपरेशनपेक्षा सोसायटीचं भलं त्यात जास्त आहे. आणि पैसे घेऊन जोडी लावायचा विचार कुणाच्या मनात असेल तर २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते.

टाकेवाली
दवाखान्यात काय विचारायचं, ते राहिलंय.

रक्त आधी, तारीख नंतर. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन, यकृताचं एएलटी. आपल्याकडे यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा प्लेटलेटचा. गोचिडांमुळे एर्लिकिया किंवा बबेसिया (टिक फीवरचे जंतू) कुत्र्यात बाहेरून काही न दाखवता बसलेला असतो आणि प्लेटलेट खाली आलेल्या असतात. निरोगी कुत्र्यात त्या दोन ते पाच लाख असतात. लाखाच्या खाली असतील तर ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्याचंही ऑपरेशन पुढे ढकला, आधी टिक फीवरचा तपास. यंत्र कधी प्लेटलेटचे गठ्ठे मोजत नाही आणि खोटा कमी आकडा देतं, म्हणून काचपट्टीवर डोळ्याने बघायला सांगा. लस आणि ऑपरेशन एका दिवशी नको.

भूल कशी देणार हे विचारा, लाज बाळगू नका. प्रोपोफॉलने झोपवून, श्वासनलिकेत नळी घालून, आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूवर ठेवणार असतील आणि ऑक्सिजनचं मोजमाप जिभेला लावणार असतील तर उत्तम. नुसत्या झायलाझीन-केटामाइनच्या इंजेक्शनावरही रोज ऑपरेशनं होतात, पण तेव्हाही नळी आणि ऑक्सिजन हाताशी असायला हवेत. वृषणात लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन बधिर केलं तर भूल कमी लागते, तेही विचारा. पग-बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला शुद्धीवर येताना श्वास कोंडायचा धोका असतो. कारवानी किंवा मुधोळसारख्या हाउंडच्या अंगावर चरबी नसते, त्यांना थायोपेंटोन हे भुलीचं औषध देऊ नये, ते उतरायला फार वेळ लागतो.

तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही: शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ कोण बसणार? ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत निरोगी कुत्र्यांत भुलीने दगावण्याचं प्रमाण साधारण दोन हजारांत एक निघालं. त्यातले बरेचसे टेबलावर नव्हे, तर ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन तासांत गेले. "पिंजऱ्यात ठेवतो, संध्याकाळी न्या" असं उत्तर आलं तर पिंजऱ्याकडे लक्ष कुणाचं, हे विचारा.

आदल्या रात्री नऊ-दहाला शेवटचं जेवण. पाणी सकाळी निघायच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, तहानेलं ठेवू नका. लवकरची वेळ घ्या, म्हणजे दिवसभर डॉक्टर हाताशी असतात. जाण्याआधी लघवी करवा.

काप सहसा अंडकोषाच्या पिशवीवर नसतो, तिच्या पुढे, मधोमध, दोन-तीन सेंटिमीटरचा. पिशवी तिथेच राहते आणि दोन-तीन दिवस थोडी फुगलेली असते, त्यामुळे "काढलीच नाहीत की काय" असं वाटतं. ती लिंबापेक्षा मोठी, जांभळी आणि घट्ट झाली तर आत रक्त साचतंय. बहुतेक वेळा कारण एकच: दुसऱ्या दिवशी कुत्रा उड्या मारत होता. लॅबला दुखतंय हे लक्षातच येत नाही, म्हणून दहा दिवस साखळीवर फक्त शी-शूपुरतं फिरवणं, जिना उचलून किंवा लिफ्टने, सोफा बंद. हिरड्या पांढऱ्या पडल्या, सतत थेंब गळतायत, वारंवार उलट्या, चोवीस तास लघवी नाही, यांपैकी काहीही झालं तर फोटो पाठवत बसू नका, घेऊन जा.

गळ्यातला कोन (जखम चाटू नये म्हणून घालायची प्लास्टिकची कॉलर) दहा ते चौदा दिवस, रात्रीसुद्धा. नाकाच्या दोन बोटं पुढे जाईल एवढा लांब. टीशर्टचा उपाय मादीला चालतो, नर त्यात मुततो आणि टाके ओले राहतात. पावसाळ्यात ओल्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला दोन दिवस पुरतात. हळद, तेल, पावडर काही लावायचं नाही, टाके निघेपर्यंत आंघोळही नाही. आत विरघळणारे टाके असतील तर काढावे लागत नाहीत, नायलॉनचे असतील तर दहा-चौदा दिवसांनी.

दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम: पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, नंतर रोज ०.१, खाल्ल्यानंतर, तीन-चार दिवस, डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल चुकूनही नाही. पहिली दोन कुत्र्याच्या आतड्याला भोकं पाडतात.

कोथरूडकर
आणि लठ्ठपणा?

टाकेवाली
तो ऑपरेशनने येत नाही, भांड्यातून येतो. उष्मांकाची गरज वीस ते तीस टक्के कमी होते आणि भूक वाढते, आणि लॅबची भूक आधीच काय असते ते तुम्हाला ठाऊक. ३० किलोच्या तरुण नराला साधारण १६०० किलोकॅलरी लागत असतील तर नंतर १२५० च्या आसपास. १०० ग्रॅमला ३६० किलोकॅलरीचं कोरडं खाणं असेल तर ४५० ग्रॅमवरून ३५० वर या, टाके निघाले की लगेच, वजन वाढायची वाट न बघता. वाटीने नाही, वजनकाट्यावर. चहाबरोबरची चार ग्लुकोज बिस्किटं म्हणजे शंभर किलोकॅलरी, तीही ह्याच हिशोबात. दर पंधरा दिवसांनी दवाखान्याच्या काट्यावर उभं करा. फासळ्या दिसायला नकोत, पण हात फिरवल्यावर एकेक मोजता यायला हवी.

आणि एक: ऑपरेशन झाल्यावर महिना-दीड महिना त्याला माजावरच्या मादीपासून लांबच ठेवा. नळ्यांत आधीचं वीर्य उरलेलं असतं, तेवढ्यात पिल्लं होऊ शकतात.